कांद्यातलं काळं वर्तुळ

जरा जवळ या. एक डोळा माझ्या नळीला लावा, दुसरा उघडा राहिला तरी चालेल. आता ऐका. येवला तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या प्रयोगशाळेतला मी सूक्ष्मदर्शक. वय वीस वर्षं. त्यातली अठरा मी कपाटात काढली, आणि गेल्या चार महिन्यांत जे घडलं ते सांगितल्याशिवाय मला आता राहवत नाही.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथे गल्लोगल्ली शाळांसाठी भिंगं, तराजू, परीक्षानळ्या तयार होतात. मला लाकडी खोक्यात, भुश्शात बसवून नाशिकला पाठवलं. तिथून मला आणायला शाळेचे प्रयोगशाळा परिचर शौकत आले होते. परिचर म्हणजे ज्याच्याशिवाय एकही प्रयोग होत नाही आणि ज्याचं नाव एकाही प्रयोगवहीत येत नाही, असा माणूस. एसटीत त्यांनी मला मांडीवर घेतलं. कंडक्टर म्हणाला, खोकं वर ठेवा की. शौकत म्हणाले, "तुमचं पोरगं वर ठेवता का?"

पहिली दोन वर्षं काय मजेची गेली! मला माणसं एका डोळ्याने भेटतात. घाबरट डोळा सारखा मिटतो, आगाऊ डोळा पापण्यांनी माझी काच पुसून काढतो. पण दिसायला लागलं की सगळे डोळे सारखेच मोठे होतात. तो क्षण मला फार आवडायचा. मुळाक्षरं जुळवता जुळवता अचानक शब्द वाचता यावा, तसा तो क्षण असतो.

मग एका शुक्रवारी एका मुलाने मोठा स्क्रू फिरवत फिरवत माझं भिंग खालच्या काचपट्टीवर टेकवलं. कट्ट. काचपट्टी फुटली. मला साधा ओरखडाही नव्हता. ही चूक शिकताना प्रत्येकाच्या हातून एकदा होते. पण तेव्हाचे विज्ञानाचे सर भर वर्गात शौकतचाचांवर ओरडले. तुमचं लक्ष कुठे असतं, म्हणाले. वर लेखी खुलासा मागवला. पोरं खाली मान घालून उभी होती, आणि चाचा पोरांकडे बघत नव्हते.

त्या दिवशी त्यांनी मला पुसलं, कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली. पुढच्या साठा तपासणीत रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे त्यांनी एकच शब्द लिहिला : नादुरुस्त. बिघडलेली वस्तू कोणी मागत नाही. मागितली नाही तर फुटत नाही. फुटली नाही तर कोणी ओरडत नाही.

दर शुक्रवारी ते मला बाहेर काढून मलमलच्या फडक्याने पुसायचे, स्क्रूला तेल द्यायचे आणि पुन्हा आत ठेवायचे. कोणी कुठल्या वस्तूला इतकं जपलं नसेल. आणि मी त्या काचेच्या दारामागे वेडा व्हायची वेळ आली होती!

कारण दारापलीकडे काय चाललं होतं ते मला दिसत होतं. माझ्या शेजारी एक जुनी प्रयोगवही असायची. माझ्या चांगल्या दिवसांत एका हुशार मुलीने ती काढली होती. अक्षर मोत्यासारखं, आकृत्या देखण्या. मी नादुरुस्त झाल्यावर तीच 'नमुना वही' झाली. दर वर्षी नववीची पोरं तिच्यावरून 'सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या कांद्याच्या पेशी' उतरवून घेत. मी हातभर अंतरावर, कुलपात, आणि पोरं माझ्याखाली काय दिसतं ते वहीत बघून काढतायत!

त्या आकृतीत उजव्या कोपऱ्यात एक जाड काळं वर्तुळ होतं. दर वर्षी ते प्रत्येक वहीत उतरायचं. मधल्या कुठल्यातरी वर्षी एका मुलाने विचारलं, याला नाव काय द्यायचं? तेव्हाचे सर घाईत होते. केंद्रक असेल, म्हणाले. झालं. तेव्हापासून वर्तुळाला बाण निघाला, बाणाला नाव मिळालं : मोठे केंद्रक. परीक्षक येऊन बरोबरची खूण करून जायचे.

या जूनमध्ये उज्वला मॅडम आल्या. पहिलीच नोकरी. येवल्यात खोली घेऊन राहायच्या, आणि मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बसून दुसऱ्या नोकऱ्यांच्या परीक्षांचे अर्ज भरायच्या. दिवाळीपर्यंत इथून सुटायचं, असं त्यांनी चाचांना उघडच सांगितलं होतं. त्यांनी मला मागितलं, चाचांनी रजिस्टर दाखवलं, त्यांनी सुस्कारा सोडला. संपलं.

गणपती झाल्यावर त्यांनी वह्या तपासायला घेतल्या. एकेचाळीस वह्या, एकेचाळीस काळी वर्तुळं. त्यांनी वर्गाला विचारलं, हे काय आहे?

पहिल्या बाकावरची निकिता म्हणाली, "मॅडम, ते असतंच."

"तू पाहिलंस?"

"नाय. वहीत हाय."

"कांदा पाहिलायस ना?"

वर्ग हसायला लागला. निकिताचे वडील कांदा पिकवतात, घरामागे कांदे साठवायची चाळ आहे. "मॅडम," ती म्हणाली, "आमच्या घरात माणसं कमी अन् कांदाच लय हाय."

पण ती हसली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती रोज दप्तरातून एक कांदा आणायला लागली. पापुद्रा सोलून खिडकीपाशी उजेडात धरायची, भिंगाखाली धरायची. वर्तुळ कुठेच दिसेना. उज्वला मॅडम म्हणाल्या, मी कुठून तरी सूक्ष्मदर्शक मिळवते. कपाटातून मला ओरडावंसं वाटत होतं.

तेवढ्यात संस्थेचं पत्र आलं. सगळ्या शाळांतली नादुरुस्त उपकरणं शनिवारी गोळा करून भंगारात द्यायची. यादी रजिस्टरवरून तयार झाली होती. तिसरं नाव माझं.

आता शौकतचाचा अडकले. मला वाचवायचं तर एवढंच सांगायचं होतं, की हा चांगला आहे. पण मग प्रश्न येणार, अठरा वर्षं नादुरुस्त का लिहिलंत? निवृत्तीला नऊ महिने राहिलेले. सबंध नोकरीत त्या एका खुलाशाशिवाय दुसरा डाग नाही. गुरुवारी मधल्या सुट्टीत त्यांनी मला बाहेर काढलं आणि पुसत बसले. शुक्रवार नसताना. पुसून झालं तरी पुसत होते.

निकिता कांदा घेऊन आत आली आणि मला बघून थबकली. मग जवळ येऊन वाकून बघायला लागली.

"चाचा, हे बिघडलंय तर एवढं चकाकतं कसं?"

चाचांनी फडकं बाजूला ठेवलं. मग उठले, मला खिडकीपाशी नेलं आणि खालचा आरसा आभाळाकडे वळवला. अठरा वर्षांनी माझ्या अंगातून उजेड वर चढला! कसं सांगू तुम्हाला? त्यांनी निकिताच्या हातून पापुद्रा घेतला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरला, आयोडीनचा थेंब टाकला, वरून पातळ काच अलगद टेकवली. बोटं एकदाही अडखळली नाहीत.

"बघ," ते म्हणाले.

निकिताने डोळा लावला. "काळे काळे केस हायत."

"तुझ्याच पापण्या आहेत त्या. जरा मागे हो."

ती मागे झाली. चाचांनी स्क्रू केसभर फिरवला. आणि तो डोळा, मी तो डोळा कधी विसरणार नाही, आधी बारीक झाला, मग मोठा झाला, मग भरून आला.

"भिंत हाय," ती हळूच म्हणाली. "विटांची भिंत. चाचा, कांद्यात भिंत हाय."

दोन मिनिटांत सगळा वर्ग आत. उज्वला मॅडम हातातला डबा तसाच घेऊन धावत आल्या. रांग लागली, रांग मोडली, पुन्हा लागली. आफियाच्या घरी पैठणीचा माग आहे. ती म्हणाली, भिंत कसली, हा तर मागावर ताणलेला ताणा आहे, बघ किती ओळीत आहे. रुद्र म्हणाला, दोघींनी चष्मे लावा. त्याने स्वतः डोळा लावला आणि मग तो जागचा हलेना.

"पण वर्तुळ नाय," निकिता म्हणाली. "मॅडम, वर्तुळ कुठंय?"

उज्वला मॅडम उत्तर देणार होत्या. तोंड उघडलं होतं. मग त्यांनी ते मिटलं आणि म्हणाल्या, शोधा.

पोरांनी दुसरा पापुद्रा ठेवला, तिसरा ठेवला. चौथा निकिताने घाईघाईत ठेवला, वरची काच धपकन पडली, आणि उजव्या कोपऱ्यात जाड काळं वर्तुळ हजर! सापडलं, सापडलं म्हणून वर्ग ओरडला. निकिता ओरडली नाही. तिने टाचणीच्या टोकाने वरची काच हळूच दाबली. वर्तुळ सरकलं. अजून दाबली. फुटलं, नाहीसं झालं.

"हवा हाय," ती म्हणाली. "मॅडम, ती हवा हाय नुसती. बुडबुडा."

अठरा वर्षं या शाळेने हवा वहीत उतरवली होती, वर तिला नाव देऊन गुण मिळवले होते. उज्वला मॅडम बाकावर बसल्या आणि हसायला लागल्या, हसता हसता ओढणीने डोळे पुसायला लागल्या. "चाचा," त्या म्हणाल्या, "कॉलेजात मी हे पन्नास वेळा पाहिलंय. पण बुडबुडा कोणाला असा पकडताना आज पहिल्यांदा पाहिलं."

शाळेतल्या माणसांना या नोकरीत काय मिळतं, असं लोक विचारतात ना? त्यांना त्या दुपारी त्या खोलीत उभं करायला हवं होतं.

पोरांनी चाचांना पुढे ढकललं. तुम्ही बघा. ते म्हणाले, मला काय त्यातलं कळतंय. आणि तेव्हा मला उमगलं, या माणसाने वीस वर्षं मला पुसलं, तेल दिलं, पण माझ्यातून एकदाही पाहिलं नव्हतं. ते आपलं काम नाही, असं त्यांना वाटायचं. ते वाकले. त्यांचा डोळा माझ्यावर आला. ते इतका वेळ तसेच राहिले की रांगेतलं कोणीतरी खोकलं.

मग रुद्र म्हणाला, चाचांनी मशीन दुरुस्त केलं. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. मॅडमही वाजवत होत्या. त्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, रजिस्टरमध्ये 'दुरुस्त केले' असं लिहून टाका, शनिवारची यादी मी बदलून घेते. किती सोपं होतं! खोटं झाकलं जाणार होतं, मी वाचणार होतो, आणि वर त्यांना टाळ्या.

चाचांनी हात वर करून टाळ्या थांबवल्या.

"बिघडलेलाच नव्हता हा," ते म्हणाले. "एकदा काच फुटली, मला बोलणी बसली. मी भ्यायलो, बेटा. म्हणून खोटं लिहिलं अन् कुलूप लावलं."

निकिता हिशेब करत होती, तो तिच्या कपाळावर दिसत होता. "म्हणजे आमच्या ताईनं पण बघितलं नाय? तिनंबी वर्तुळच काढलं?"

"हो."

"तिला लय आवडलं असतं."

कोणी त्यांना चोर म्हटलं असतं तरी ते इतके खचले नसते. पण त्यांनी मान खाली घातली नाही. त्या दिवशी ते पोरांकडे बघत राहिले. म्हणाले, "तिला घेऊन ये. मी दाखवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हेडसरांच्या टेबलावर स्वतःहून लेखी खुलासा ठेवला. हेडसरांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, कोणी मागितला नसताना का देताय? चाचा म्हणाले, "पोरांना सांगून झालंय, सर. आता तुम्हाला न सांगून काय?" संस्थेने त्यांना लेखी ताकीद दिली. ती त्यांच्या सेवापुस्तकात लागली, निवृत्तीपर्यंत आणि नंतरही तिथेच राहील. मी मात्र यादीतून निघालो.

दिवाळीला माहेरी निघालेली निकिताची ताई नांदगावच्या सासरहून सामानासकट थेट शाळेत आली, कडेवर वर्षाचं पोर. सुट्टी असूनही चाचांनी प्रयोगशाळा उघडली. ताईने डोळा लावला आणि लगेच बाजूला केला. "थांबा, परत बघते," म्हणाली, आणि परत पाहिलं. तिचं पोर माझा मोठा स्क्रू धरून ओढायला लागलं. ती घाबरून त्याचा हात सोडवायला गेली. चाचा म्हणाले, राहू दे, आणि त्या पोराला दोन्ही हातांनी उचलून माझ्याजवळ धरलं.

आता दर शनिवारी दुपारी जुने विद्यार्थी येतात. कोणी एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली पाळी संपवून येतं, कोणी पोरांना घेऊन येतं. उज्वला मॅडम दिवाळीनंतरही इथेच आहेत. अर्ज भरतात की नाही ते मला माहीत नाही, मधल्या सुट्टीत त्यांना वेळच मिळत नाही.

माझं म्हणाल, तर माझा रंग उडालाय. मोठा स्क्रू थोडा ढिला झालाय. काचपट्ट्या चार फुटल्या, आणि चारही वेळा चाचांनी आधी 'हात बघू' म्हणून पोराची बोटं तपासली. मी इतका सुखात कधीच नव्हतो.

एकच विनंती आहे. तुमच्या गावातल्या शाळेत माझे भाऊबंद असतील. कोणी कुलपात, कोणी प्लॅस्टिकच्या वेष्टनात, तपासणीच्या दिवसापुरते बाहेर येणारे. पुढच्या वर्षी बघू, नवीन खोली झाल्यावर बघू, असं म्हणू नका. पुढच्या वर्षी ही नववी दहावीत गेलेली असते. जा, आणि किल्ली कोणाकडे आहे ते विचारा. ज्याच्याकडे असेल त्याच्यावर ओरडू नका, तो आधीच घाबरलेला असेल. त्याच्याशेजारी उभे राहा.

उद्या सोमवार. पहिला तास नववी 'ब'चा. शेततळ्यातलं हिरवं पाणी बाटलीत भरून आणायचं त्यांनी ठरवलंय. त्यात काय असेल ते मलाही माहीत नाही. लवकर उजाडू दे.