कवडूची माय

खोटं कायले बोलू, त्या नर्सबाईवर मी जळत होतो. बायकोनं बाईसंग चार शब्द बोलले तं नवऱ्यानं जळावं का? पन मी जळत होतो.

गोष्ट ब्याऐंशी सालची. आधीचे दोन लेकरं गेले, तं याले नजर लागू नये म्हनून आमी पोराचं नाव कवडू ठेवलं. तोबी सहाव्या वर्सी तापानं गेला. तवापासून माह्या बायकोचं तोंडच बंद झालं. भात रांधे, वाढे, अन् भिंतीकडं पाहत बसे. धाकटा भाऊ नत्थू म्हने, बाहेरचं आहे. मांत्रिक झाला, कोंबडा गेला, काही नाही.

मंग साकोलीहून एस्टीनं नागपूरले नेलं. तिथला डॉक्टर म्हने, "आपल्याला उदास वाटतं का? मनात कोणते विचार येतात?" ही आपल्या पायाच्या अंगठ्याकडं पाहे. मीबी बाजूलेच बसून. त्यानं गोळ्या लिहून देल्या अन् मले सांगितलं, घरात पोराचं नाव काढू नका. मी शब्द पाळला.

आमच्या जवळच्या सानगडीच्या दवाखान्यात गोदावरीबाई नर्स होती, आपल्याच इकडची. दुपारी ओसरीत लाखोरीची डाळ निवडत बसे. एक दिवस मी हिले घेऊन गोळ्या आनायले गेलो, तं तिनं हिच्या मांडीवर सूप ठेवलं. "बस वं बाई. नाव काय तुहं?"

"रुखमिणी," म्हने ही!

लग्नाच्या बारा वर्सांत मी ते नाव तोंडातून काढलं नाही, आमच्यात काढत नाही. अन् ही नर्स कोन लागून गेली?

मंग दर सोमवारी ही तिकडं जाय. परत येताना डोळे सुजलेले, पन चाल हलकी. घरी आली का पुन्हा तोंडाले कुलूप.

"काय बोलता वं तुमी दोघी?"

"काही नाही जी."

माहा तिळपापड होय. माह्या ताटात निसता भात, अन् बोलनं सारं त्या बाईच्या ओसरीत!

एका सोमवारी मी मागून गेलो. आज तिले सुनवतोच, म्हनलं, लोकायच्या बायका कायले फोडता? कुडाच्या आड उभा राहिलो. आत गोदावरीबाई इचारत होती, "आता कुठं अडकते वं जीव तुहा?"

"ते मले हाक मारत नाही बाई," बायको म्हने. "पयले बांधावरून वरडत, 'कवडूची माय, पानी आन वं!' सारं शेत ऐके. आता 'अवं' म्हनतेत, नाहीतं खाकरतेत. पोरगा गेला तं मी त्याची मायबी नाही राहिली का?"

"त्याईले सांगितलं?"

"नवऱ्याले असं कसं सांगू?"

आठ महिने डॉक्टरचा शब्द पाळता पाळता मी हिचं नावच खाल्लं होतं. अन् जळत कोनावर होतो, तं जिनं नाव इचारलं तिच्यावर! भांडायले आलो होतो, भांडन तिथंच टाकलं.

कुडाबाहेरूनच हाक मारली. आवाज फाटला.

"कवडूची माय!"

आत सूप पडलं. लाखोरी अंगनभर सांडली. गोदावरीबाई काय बोलली ते काही ध्यानात नाही. ही बोलली ते आहे.

"आली जी," म्हने.