अडकलेल्या चरख्या

संशय हा आपला दुर्गुण आहे असं शिवराम कासाराला कधी वाटलं नाही. तो त्याला आपली हुशारी समजायचा. दूधवाल्याने नुसते हात धुतले तरी पाणी दुधातच गेलं असं तो धरून चालायचा. गंगेकाठी, भोसले घाटामागच्या गल्लीत त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत तीन पिढ्या देवपूजेची पितळी भांडी बनत आली होती. राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली त्या साली छावणीतल्या एका कर्नलसाहेबाने मोडकी विलायती चरखी दुरुस्तीला आणून टाकली, आणि भांड्यांच्या जोडीला हा नवा उद्योग सुरू झाला.

चरखी म्हणजे मासे धरायच्या काठीला लावायचं, दोरी गुंडाळायचं चाक. साहेब लोक पिसांची खोटी माशी दोरीला बांधतात, ती पहाडी नदीवर फेकतात आणि मासा फसला की चाक फिरवतात. या घरात मासा कधी शिजला नव्हता. शिवरामाने आधी गंगेला हात जोडले, मग सहा चरख्यांचं काम घेतलं. त्याची चरखी विलायतीहून हलकी फिरायची. चाकाला ताण देणारी आतली नाजूक कमान मात्र नीलकंठाच्या हातची, त्याच्या धाकट्या भावाची. आई गेली तेव्हा नीलकंठ तीन वर्षांचा होता. त्याला वाढवलं अंबिकेने, शिवरामाच्या बायकोने. तयार माल चिंचेने घासून फडक्यात बांधायचं कामही तिचंच.

सहाही चरख्या नदीवर अडकल्या आणि परत आल्या. साहेबाने सांगितलं, आणखी एक खेप बघतो, मग दुसरा कारागीर.

दोघा भावांनी त्या खोलल्या. चरखीला तेल घालायची एक चिमुकली वाटी असते, तिला फिरकीचं झाकण. त्या वाटीपासून कमानीपर्यंत पांढरा, आंबूस लगदा चिकटला होता.

"पीठ!" शिवराम ओरडला. "कोणीतरी मुद्दाम भरलंय."

नीलकंठाने लगदा बोटावर घेऊन हुंगला, स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. शिवरामाने ती खाली गेलेली मान बरोबर टिपली.

आधी संशय ठठेरी बाजारात भांडी घडवणाऱ्या कसेऱ्यांवर गेला. पण त्यांच्यातला कोणी या खोलीत पाऊल टाकत नसे. राहिला कोण? नीलकंठाला कानपूरच्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं, हे शिवरामाला आता आठवलं. इथला धंदा बुडाला की जायला मोकळा! एकदा हे मनात शिरल्यावर भावाचं हसणं, गप्प बसणं, वेळेवर जेवायला येणं, सगळंच त्याला लबाड दिसू लागलं.

दुसरी खेप तयार झाली. त्या दुपारी जवळच्या मुन्शी घाटावर जातो असं सांगून शिवराम निघाला आणि अर्ध्या वाटेवरून परतला. नीलकंठ बांधलेली चरखी सोडून बसला होता. वाटीचं झाकण उघडं होतं.

"मूठ खोल."

नीलकंठाने मूठ तोंडाशी नेली, हातातलं तोंडात टाकलं आणि चावून गिळलं.

"चोरा! सबूत गिळलास?"

"दादा, मी तुमचं नुकसान नाही केलं."

"मग काय होतं हातात?"

नीलकंठ वाटीचं झाकण फिरवून लावू लागला. शिवरामाने उरलेल्या पाचही चरख्या खोलून पाहिल्या. आत काहीच नव्हतं. म्हणजे लबाडाची नुकतीच सुरुवात होती! शिवरामाने त्याला घराबाहेर काढलं, आणि संध्याकाळच्या गाडीने नीलकंठ कानपूरला गेला. अंबिका दारात रडत उभी राहिली, पण शिवरामाने तिला एक पाऊल पुढे टाकू दिलं नाही.

दुसरी खेप नदीवर सुरेख चालली. साहेब खूश झाला. आपलं बरोबर होतं, हे आता शिवरामाला कोणी सांगायला नको होतं.

तिसऱ्या खेपेच्या वेळी तो खोलीतच बसून होता. अंबिका चरख्या घासत होती. एक पुसून झाली, तेव्हा तिने वाटीचं झाकण फिरवून काढलं, पदराच्या गाठीतून चार तांदूळ घेतले, आत टाकले आणि झाकण लावलं.

शिवरामाच्या हातातली कानस खाली पडली.

"हे काय करतेस?"

"काय म्हणजे? कासाराच्या घरातून झाकणाचं भांडं रिकामं जाऊ देत नाहीत. डब्यांत, करंड्यांत घालते ना? सासूबाईंनीच सांगितलंय. पहिल्या खेपेपासून घालते."

"नीलकंठाला ठाऊक होतं?"

"त्याने एकदा बघितलं, तर नुसता हसला." तिने पुढची चरखी ओढली. "माणसाचंही तसंच असतं हो. घरातून रिकामा गेला तो एकटा माझा नीलकंठ. तुम्ही इतकी जल्दी केलीत, त्याच्या गाठोड्यात चिमूटभर तांदूळ घालायचे राहिले. तेच मनाला लागलंय."

शिवरामाला सांगायचं होतं. कोरडा तांदूळ घरात गुपचूप पडून राहतो, नदीत भिजून फुगतो, आणि कमान धरून बसतो. पण हे सांगितलं, तर नीलकंठाला कोणाच्या तांदळांनी घराबाहेर घालवलं तेही तिला कळणार होतं. त्या पाच चरख्या कोणी रिकाम्या केल्या आणि भाऊ का गप्प बसला होता ते त्याला आता कळलं, आणि स्वतःची इतकी लाज वाटली की त्याला वर बघवेना.

ती पाणी आणायला घाटावर गेली. शिवरामाने एकेक चरखी सोडली, तांदूळ काढले, पुन्हा तसंच फडकं बांधलं. शेवटचं झाकण लावतो तोच दारात पाऊल वाजलं. लपवायला जागा नव्हती. मुठीतले सगळे कच्चे तांदूळ त्याने तोंडात टाकले.

"काय खाताय?" अंबिकेने कळशी खाली ठेवली.

त्याने मान हलवली. नीलकंठ चार दाणे एका दमात गिळून गेला होता. याला चावता चावता डोळ्यांत पाणी आलं.

"नीलकंठाला पत्र लिहितो," शेवटी तो म्हणाला. "चूक माझी होती, परत ये म्हणून."

"तुमची? काय चुकलं तुमचं?"

"कमान," शिवराम म्हणाला. "मीच उलटी बसवत होतो."