सुभद्राची मापं

बायको सुभद्रा गेल्यानंतरच्या पहिल्या एप्रिलात गुरुदासने हौसावहिनीला दारातूनच परत पाठवलं. "यंदा आमच्याकडे मसालो नाय," एवढंच म्हणाला. हौसावहिनी म्हणजे त्याच्या चुलत भावाची बायको. पंचवीस वर्षं ती आणि सुभद्रा मिळून मिरच्या भाजत आणि मिळूनच डंकावर कुटून आणत.

कारण होतं वही. सुभद्राची मसाल्याची वही हौसावहिनीने बाराव्याला मागून नेली आणि सहा महिन्यांनी परत दिली ती दुसरीच, स्वतःच्या हाताने उतरवलेली. "जुन्येची पानां चिकाटली," म्हणाली. जिन्नसांचा क्रमही वेगळा. सुभद्राची यादी ब्याडगी मिरचीने सुरू होई, हिची धण्याने. मसाल्याचं खरं प्रमाण सख्ख्या बहिणीलाही न सांगणारी घरं गुरुदासला ठाऊक होती. हिने एखादं माप नक्की बदललंय, ही खूणगाठ त्याने तेव्हाच बांधली.

मुलगी चारुता पुण्याहून आली होती. ती सॉफ्टवेअरमध्ये. आई आजारी असताना तिने जुन्या वहीतली यादी आपल्या प्रोग्रॅममध्ये भरून ठेवली होती: जिन्नसाचं नाव आणि त्या नावापुढे माप. आता नवी वहीही तशीच भरली.

"क्रम कसोय असूंदे, बाबानू. नावां तीच आणि नावापुढची मापां तीच, तर दोनी याद्यो सारख्यो."

तिने बटण दाबलं. उत्तर आलं, वेगळ्या.

"माका म्हायत होता," गुरुदास म्हणाला. "खंयचा माप बदलल्यान ता काढ."

चारुताने काढलं. "बावीसच्या बावीस वेगळी म्हणता."

गुरुदास पुढे सरकला. तीस वर्षं त्याने बाजारात किराणा दुकान चालवलं होतं. दुकानातली प्रत्येक पुडी कमी भरली, तर मालाकडे नव्हे, तागडीकडे बघायचं.

"बदलणारो एक माप बदलतलो. बावीस कित्याक बदलीत? तुझ्या आवशीचीच यादी परत भर आणि तिच्याचवांगडा लावन बघ."

"तीच?"

"तीच. मोकळी तागडी धरून बघतंव तसा."

चारुताने तीच यादी दुसऱ्यांदा भरली. उत्तर आलं, वेगळ्या.

"पासंग आसा गो तुझ्या तागडीक. मोकळीच एका बाजूक कलता."

चारुताने कपाळावर हात मारला. "चुकी माझी, बाबानू. यादी प्रत्येक मापाक इचारता, तू त्या मापासारख्या आसस काय? पण माप ह्यो प्रकार मीच बनवलेलो, आणि दोन मापां कधी सारखी म्हणूची, ता सांगूक इसारलंय. मगे ता फक्त बघता, दोनी एकच वस्तू काय. दोन डब्यांतले पाव पाव किलो धणे तेका वेगळेच."

तिने चार ओळी लिहिल्या. आकडा तोच, एकक तेच, तर माप सारखं. पुन्हा बटण दाबलं. सारख्या. अगदी दगडफुलापर्यंत.

गुरुदासने नवी वही मिटली. मग ती पिशवीत घालून तो हौसावहिनीकडे गेला. ती पडवीत कोलंबी सोलत होती. पिशवीतली वही तिला लगेच दिसली.

"काय भावजी, तपासून झाला? सकाळी तुमचा तोंड बघून मिरचेकय ठसको लागलो असतो."

"चुकलंय, वयनी. जुनी वही खंय आसा?"

ती हात धुऊन आत गेली. देवाच्या फळीवरून प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. "पानां चिकाटली नाय. खोटा सांगलंय. तिचा अक्षर आसा तेच्यात, म्हणान ठेवलंय."

गुरुदासने नवी वही पुढे केली. "ही तुमी ठेवा. ती माका द्या."

"कित्याक? दोनी सारख्योच मां?"

"मापां सारखी आसत, वयनी."

हौसावहिनीने पिशवी लगेच दिली नाही. पदराने तिच्यावरची धूळ पुसली, खरं तर धूळ नव्हतीच. मग त्याच्या हातात ठेवली.

"बुधवारी मिरच्यो भाजूक येतंय," ती म्हणाली. "वही चुलीकडे ठेवा. माका दिसाक व्हयी."