मागांच्या खडखडाटातली ‘दुपार’

विरेशचा फोन आला तेव्हाच अभिमन्यूच्या मनात पाल चुकचुकली. बारा वर्षं ज्याने साधी खुशाली विचारली नाही तो एकदम गोड बोलायला लागला, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतंच.

"अभ्या, आपल्या बँडचं जुनं सगळं बाहेर काढतोय. डेमो, फसलेले टेक, नुसत्या वाजवलेल्या चाली. अल्बमचं नाव ‘उरलंसुरलं’. एकदा येऊन ऐकून जा की."

ऐकून जा म्हणे! ‘कडक भाकरी’ हा तिघांचा रॉक बँड मोडला तेव्हा सोलापुरात चार माणसंही हळहळली नव्हती. टिकली ती फक्त ‘दुपार’ नावाची चाल. कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये पोरं ती अजून वाजवतात. आणि ती अभिमन्यूची. मोहोळच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या माणसाकडे मिरवायला तेवढं एकच होतं. त्याची मुलगी सृष्टी तर आल्यागेल्याला सांगायची, "दुपार माझ्या पप्पांची हाय." विरेशला आता ती स्वतःच्या नावावर करून घ्यायची असणार, दुसरं काय!

रविवारी तो सात रस्त्याजवळच्या विरेशच्या स्टुडिओत पोचला तो बाह्या सरसावूनच. विरेश हल्ली तिथे दुकानांच्या जाहिराती रेकॉर्ड करायचा. त्याने चहा मागवला, तर अभिमन्यूला त्या चहाचाही संशय आला. त्याने आधी गाण्यांची यादी मागितली. ‘दुपार’समोर स्वच्छ लिहिलं होतं, ‘चाल : अभिमन्यू’. मग तर तो जास्तच सावध झाला.

"‘दुपार’चा सगळ्यात पहिला टेक लाव."

"त्यो नको. लई कच्चा हाय."

"कच्चंच तर इकाय काढलंयस की! लाव म्हणतो न्हवं."

विरेशने नाइलाजाने लावला. गिटार अडखळत सुरू झाली. पण चाल तीच, सूर न् सूर तोच. आणि तिच्या आडून यंत्रमागांची एकसारखी खडखड.

त्यांचं सगळं रेकॉर्डिंग ड्रमर अंबादासच्या घरामागच्या खोलीत व्हायचं. भिंतीला लागून कारखाना. माग चालू असले की टेक बाद. म्हणून पक्कं रेकॉर्डिंग मागांच्या सुट्टीच्या दिवशीच, आणि अभिमन्यू मोहोळहून यायचा तोही त्याच दिवशी, एरवी कधीच नाही. म्हणजे हे वाजलं तेव्हा तो त्या खोलीत नव्हता.

"हे तू आत्ता वाजवलंयस," तो ओरडला. "मागांचा आवाज वरनं घातलायस!"

विरेशने टेक तसाच पुढे चालू दिला. गिटार थांबली आणि टेकच्या शेवटी तरुण विरेश म्हणाला, "अंब्या, आत्ताच सुचलंय. अभ्या आला की ऐकवू. त्यो न्हाय म्हणला तर सोडून देऊ." त्यावर अंबादास खो खो हसला.

अंबादासला जाऊन सात वर्षं झाली होती. ते हसणं कुणालाही वरून घालता येणार नव्हतं.

अभिमन्यूला आता सगळं आठवलं. सुट्टीच्या दिवशी चहा पिता पिता विरेशने काहीतरी वाजवलं होतं. ते डोक्यात घेऊनच अभिमन्यू मोहोळला गेला, आणि पुढच्या खेपेला ‘मला एक चाल सुचलीय’ म्हणून तेच घेऊन आला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग तवाच का बोलला न्हाईस?"

"तू लई खुशीत हुतास. म्हणलं, बँडचीच हाय की." विरेशने स्क्रीनकडे बोट केलं. "आता तूच सांग. ह्यो टेक ठेवू का काढू?"

अभिमन्यूला डोळ्यांसमोर सृष्टी दिसली, घरी आलेल्या मैत्रिणींना ऐटीत सांगणारी. ठेव, एवढंच म्हणायचं होतं. ते त्याच्या तोंडून निघेना.

"काढ," तो म्हणाला. "मागांचा आवाज लई येतोय."

विरेशने माऊस हलवला. "काढलं बघ."

स्टँडवर येऊन अभिमन्यू एसटीत बसला. गाडी सुटायच्या आतच त्याने फोन लावला. "विऱ्या, खरंच काढलंस न्हवं? का दुसरीकडं कुटं ठिवलंयस?"

"काढलं की."

या माणसाने बारा वर्षांत एका शब्दाने त्याला उघडं पाडलं नव्हतं. तरी मोहोळ येईपर्यंत अभिमन्यूने त्याला आणखी दोनदा फोन करून तेच विचारलं.