पितळी कळसातलं इंटरनेट

पितळेच्या कळसातून इंटरनेट उतरतं, असं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण उदगीरच्या एका गल्लीतल्या सदुसष्ट शहाण्या माणसांनी ठेवला. त्यांत दोन निवृत्त हेडमास्तर होते, एक वकील होता आणि भाजीवालीचा तराजू दोनदा उलटा करून बघणारे गुरुबसप्पाही होते.

त्या रविवारी कस्तुराबाईंच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध तरंगनाथ महाराज बसलेले. अंगात भगवी कफनी, मनगटावर हातभर रुद्राक्ष आणि रुद्राक्षांच्या आड लपवलेलं महागडं घड्याळ.

"तरंग म्हणजे लहर! लहर म्हणजे प्राण!" महाराज गरजले. "नेट का चालत नाही? कंपनी वाईट म्हणून? छे! घराचा प्राण तुंबलाय म्हणून!"

"हाव महाराज, लई तुंबलाय," कस्तुराबाई हात जोडून म्हणाल्या.

महाराजांनी झोळीतून दोन पितळी कळस काढले. कळसाच्या बुडाला प्लगच्या पिना कशाला, हे कोणी विचारलं नाही. देवाच्या वस्तूचं बूड बघायचं नसतं. एक 'शिवकळस' राउटरजवळच्या सॉकेटात गेला आणि एका वायरीनं राउटरला जोडला गेला. ती म्हणे नाडी. दुसरा 'शक्तिकळस' मागच्या खोलीतल्या सॉकेटात गेला. कळसाला तीन भोकं होती. एकेक करत तिन्हींतून हिरवा उजेड आला.

"त्रिनेत्र उघडले!"

आणि वर्षभर तोंड अर्धवट उघडं ठेवून पडद्यावर गोठून बसणारा कस्तुराबाईंचा कॅनडातला नातू चक्क हलला. "आजी, दात कधी बसवलेस?" त्यानं विचारलं. ओसरीवर टाळ्या पडल्या. डाळीची अडत चालवणाऱ्या गुरुबसप्पांनी तिथल्या तिथं कळसांची जोडी घेतली.

ती जोडी घरी आली आणि त्यांच्या सुनेच्या, सुकन्याच्या, मुळावर उठली.

सुकन्या घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची, विम्याचे कागद तपासण्याचं. तिची खोली माडीवर आणि राउटर खाली देवघरात. दसऱ्याला घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा झाली तेव्हा राउटरलाही तीन बोटं विभूती लागली आणि तो पितळी प्रभावळीच्या मागं जाऊन बसला. सुकन्यानं दहादा विनवलं, "आत्या, त्याला बाहेर कट्ट्यावर ठेवू या. पितळेतून आन् दगडी भिंतीतून लहर येत न्हाई."

"देवाजवळ बसलेलं उठवायचं नसतं," सासू शिवम्मा म्हणाल्या.

लातूरला नोकरीला असलेल्या नवऱ्यानं, वीरेशनं, वाय-फायचा एक्स्टेंडर आणून दिला. तो माडीवरच लावला. तिथं मुळात लहर पोचतच नव्हती, तर तो बापडा पुढं काय ढकलणार? महिन्यात चार वेळा मीटिंगमधून सुकन्या गायब झाली. शेवटी साहेबीण म्हणाली, "सोमवारी दहाला कॉल. लाइन पुन्हा तुटली तर आपण थांबू या." अडीच वर्षांचं काम एका कॉलवर येऊन लटकलं.

म्हणून कळस आले तेव्हा तिनंही मनात हात जोडले होते. खोटं कशाला सांगू?

पण महाराजांनी लगेच घरी येऊन खाली राउटरला शिवकळस जोडला, तरी माडीवर शक्तिकळसाचे दोन डोळे हिरवे झाले आणि मधला लाल राहिला. महाराजांनी चार सॉकेटं बदलली, दोन मंत्र बदलले. डोळा लालच. मग त्यांनी खोलीत नजर फिरवली. खुर्ची, लॅपटॉप, सून.

"इथं कोण बसतं?"

"ही बसते," शिवम्मांनी बोट दाखवलं.

"मग सापडलं! शिवाचा कोप आहे. या बाईच्या हाताला लहर सोसत नाही. सव्वा महिना हिनं यंत्राला शिवायचं नाही, माहेरी राहायचं. उद्या सकाळी दहाच्या मुहूर्तावर मी येतो आणि हा लॅपटॉप लाल कपड्यात बांधतो."

"दहाला माझा कॉल हाय, मामा," सुकन्या सासऱ्यांना म्हणाली.

"कॉल मोठा का कोप मोठा?" गुरुबसप्पा म्हणाले. "निलंग्याची सकाळची गाडी बघून ठेव."

दुपारी घर लवंडलं. सुकन्या बॅग भरायला बसली आणि तिला मनापासून राग आला. आपल्या हाताला लहर सोसत नाही काय? बघू तरी. तिनं शक्तिकळस उपटला, खाली आणला आणि स्वयंपाकघरात लावला. तिन्ही डोळे हिरवे. तिचाच हात, तोच कळस! बैठकीत हिरवे. न्हाणीघराबाहेर हिरवे. जिन्याखाली हिरवे. माडीवर लाल.

म्हणजे कोप हाताला नव्हता, खोलीला होता.

तिनं खालचा मेन स्विच पाडला. फ्रिज गप्प झाला, पंखा गप्प झाला. शिवम्मा मात्र गप्प झाल्या नाहीत. "कोण मेलं लाइट घालवून राहिलंय?" सुकन्या जिना चढून वर गेली. माडीवरचा पंखा मजेत फिरत होता.

आता तिला आठवलं. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा माडी चुलत सासऱ्यांना, मडिवाळप्पांना गेली होती आणि तिला वेगळं मीटर बसलं होतं. पुढं मडिवाळप्पांनी मागचं अंगण घेतलं आणि माडी परत दिली. खोली बदलली, वायर कोणी बदलली नाही. माडीवर वीज आजही काकांच्या मीटरवरून येत होती. आणि कळस जर वाऱ्यानं नाही, भिंतीतल्या वायरीनं बोलत असेल, तर या मीटरचा निरोप त्या मीटरवर जाणार कसा?

सोमवारी साडेनऊलाच गल्ली लोटली. गुरुबसप्पांच्या बैठकीत उभं राहायला जागा उरली नाही. कस्तुराबाई पहिल्या रांगेत. मुहूर्त उलटून सव्वादहा झाल्यावर महाराज लाल कपडा झटकत आले.

"कुठाय ती?"

"वर हाय. दार लावून घेतलंय," शिवम्मा म्हणाल्या. "जिन्यावर वायर बी टाकून ठेवली हाय. पाय अडकून कोणी पडंल."

ती बसवजयंतीच्या मांडवातली लांब वायर होती. तिचं एक टोक खालच्या सॉकेटात होतं आणि दुसरं माडीच्या दाराखालून आत गेलेलं. महाराज वर चढले, मागं सगळी वरात. दार ढकललं तर सुकन्या खुर्चीवर बसलेली, लॅपटॉप समोर. वायरीच्या टोकाला शक्तिकळस, तिन्ही डोळे हिरवेगार. पडद्यावर पुण्याची साहेबीण बोलत होती.

"सुकन्या, आज आवाज अगदी स्वच्छ आहे. काम चालू ठेवा. आणि मागं ही एवढी माणसं कोण?"

"घरचेच आहेत, मॅडम," सुकन्या म्हणाली आणि कॉल संपवून उठली.

महाराज क्षणभर गडबडले. पण असली माणसं मांजरासारखी पायांवरच पडतात. "बघा! मी घरात पाऊल टाकलं आणि कोप शमला!"

"तुम्ही पाऊल टाकायच्या आधी दहा मिनिटं मी बोलून राहिले होते," सुकन्या म्हणाली. तिनं कळस काढून माडीच्या सॉकेटात लावला. मधला डोळा लाल झाला. पुन्हा मांडवाच्या वायरीला लावला. हिरवा. "मामा, तुम्ही लावून बघा. तुमच्या हातावर तर कोप न्हाई ना?"

गुरुबसप्पांनी लावला. लाल. वायरीला लावला. हिरवा. तिसऱ्यांदा त्यांनी कोणी न सांगता लावून बघितला.

"ही खोली काकांच्या मीटरवर हाय," सुकन्या म्हणाली. "खालची वायर आन् इथली वायर एकमेकींना भेटतच न्हाईत. बाकी काही न्हाई." आणि बघता बघता तिनं स्क्रूड्रायव्हरनं कळसाचं बूड उघडलं.

"पाप लागेल! भस्म होशील!" महाराज ओरडले.

आतून पांढऱ्या प्लास्टिकचा साधा डबा निघाला. "याला पॉवरलाइन अडॅप्टर म्हणतात. दुकानात मिळतो. घरातल्या विजेच्या वायरीतूनच नेट पुढं नेतो. वस्तू चांगली हाय, महाराज. नुसतं पितळ तेवढं तुमचं." मग ती दारातल्या गर्दीकडं वळली. "बिघाड झाला की आधी वायर बघा, डबा कुठं ठेवलाय ते बघा, जागा बदलून बघा. घरातली बाई सगळ्यात शेवटी बघा. तिथं काही सापडत न्हाई."

शिवम्मा खाली गेल्या. देवघरातून भांड्यांचा आवाज आला. थोड्या वेळानं पदरानं पुसलेला राउटर घेऊन त्या बाहेर आल्या आणि त्यांनी तो कट्ट्यावर ठेवला.

महाराज मात्र हटले नव्हते. हात वर करून त्यांनी शेवटचा डाव टाकला. "पोरीच्या बोलण्याला भुलू नका! वायर कसली आणि मीटर कसलं? विश्वास बसणार नाही तुमचा, पण बिलोलीचे अमृतराव कदम आहेत, माझे परमभक्त. त्यांच्या शेतात वीज नाही. हाच कळस मी त्यांच्या विहिरीच्या काठावर नुसता ठेवला. नुसता! वर्ष झालं, अख्ख्या शिवारात नेट धो धो वाहतंय!"

गर्दी पुन्हा थोडी हलली. वकिलाची मान डुलू लागली होती. तेवढ्यात पहिल्या रांगेतून कस्तुराबाई पुढं आल्या. त्यांनी हात जोडले नव्हते, कमरेवर ठेवले होते.

"कोण म्हणलात? अमृतराव कदम? हे नाव माझ्याच ओसरीवर चहा पिता पिता ऐकलंत ना? अहो, माझा सख्खा भाऊ हाय तो! त्याच्या शेतात विहीरच न्हाई, महाराज. खोटं बोलून राहिलात तुम्ही!"