वृषाली चौगुले विरुद्ध बाजूने बोलणार

सोमवारी सकाळी हजेरी घेताना शेटे सरांच्या लक्षात आलं, की वर्गातली सगळी मुलं त्यांच्याच आवाजात ‘हजर’ म्हणत आहेत. ती नक्कल नव्हती. नकलेत थोडी तरी चेष्टा असते. इथे तोच खर्ज होता, शेवटच्या अक्षराला तीच जराशी ओढ होती आणि त्याआधी तेच घसा खाकरणं होतं. दोन वेण्या घालून आलेल्या मुलीही त्याच आवाजात हजर होत्या. कुणी हसलं नाही, कुणी दचकलं नाही. सरांनी हजेरी पुरी केली, चष्मा पुसला आणि शिकवायला लागले, कारण तास बुडवायचा नाही हा त्यांचा जुना नेम होता.

शेटे सर तालुक्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे, आणि त्यांचा आवाज ही तालुक्याची इस्टेट होती. ते बोलायला उभे राहिले की कॉमर्सची पोरंसुद्धा खिडकीत येऊन लटकायची. बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, असं म्हणतात. सरांकडे तर गहूच होते आणि वर बोलणंही होतं. जिल्ह्याच्या वादविवाद स्पर्धेची फिरती ढाल त्यांच्या कॉलेजात अशी बसली होती, की ती फिरायचीच विसरून गेली होती. प्राचार्यांच्या कपाटात तिच्यामागे पालीने अंडी घातली होती.

सरांची स्पर्धेची तयारी वेगळी असे. बाकीच्या कॉलेजांतले मास्तर मुलांना भाषण लिहून देतात. सर लिहून देत नसत, म्हणून दाखवत. एक वाक्य सर म्हणणार, तेच मूल म्हणणार, मग पुढचं. विषयाच्या बाजूचं भाषण सरांचं आणि विरुद्ध बाजूचंही सरांचंच. स्पर्धेच्या दिवशी ते पहिल्या रांगेत मधोमध बसायचे आणि मूल अडखळलं की ओठ हलवायचे. मूल ओठांकडे बघायचं आणि गाडी पुढे जायची. यात काही गैर आहे असं जिल्ह्यात कुणालाच वाटत नव्हतं, कारण सगळ्याच कॉलेजांच्या पहिल्या रांगा अशा हलत्या ओठांनी भरलेल्या असत. एवढंच, की विरुद्ध बाजूच्या भाषणात सर नकळत कुठेतरी बुडाला एक बारीक भोक ठेवून द्यायचे. घागर दिसायला अख्खी, पण व्यासपीठावर पोचेपर्यंत अर्धी रिकामी.

त्या सोमवारी विषय निघाला नदीकाठी होऊ घातलेल्या कारखान्याचा. सरांचा कारखान्याला विरोध होता आणि तो सगळ्या गावाला माहीत होता. सर म्हणाले, "आज मी बोलणार नाही. तुम्ही बोला. ज्याला जे वाटतं ते."

पहिल्या बाकावरचा मुलगा उठला आणि सरांच्या आवाजात म्हणाला, "नदी ही कुणाच्या बापाची नाही, आणि म्हणूनच ती विकायचा हक्कही कुणाच्या बापाला नाही." मध्ये सर थांबतात तिथेच तो थांबला. त्याला चष्मा नव्हता, तरी नाकावरून काहीतरी वर सरकवल्यासारखं त्याने केलं.

"छान," सर म्हणाले. "पण उलट बाजूने कोण बोलेल?"

कुणी उठलं नाही. सरांनी युक्ती केली. ते टेबलाला टेकून म्हणाले, "बरं, माझं मत बदललंय. कारखाना झालाच पाहिजे."

वर्गाने एक क्षण विचार केला आणि मग सगळे सरांच्या आवाजात म्हणाले, "झालाच पाहिजे." पाठोपाठ त्यांनी कारणं दिली. ती सरांना सुचली असती त्याहून चांगली होती.

"अरे, मला विरोध करा!"

"विरोध केलाच पाहिजे," वर्ग एका सुरात म्हणाला.

सर प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य कदम हे त्यांचेच जुने विद्यार्थी. सरांना पाहून ते अजूनही खुर्चीवरून अर्धे उठायचे, तसे उठले आणि सरांच्या आवाजात म्हणाले, "या सर. काय अडचण?"

"माझा आवाज मुलांकडे गेलाय."

"मुलांचं भाग्य आहे."

"तुमच्याकडेही गेलाय."

"मी तर पहिल्या बॅचचा," कदम अभिमानाने म्हणाले. "वादविवादाचा विषय आलाय, सर. ‘शिक्षकांनी वर्गात आपली राजकीय मते मांडावीत.’ स्पर्धा यंदा आपल्याच हॉलमध्ये आहे. ढाल पुसून ठेवतो."

बाहेर चहाच्या गाडीवर, न्हाव्याच्या दुकानात, पोस्टाच्या खिडकीत, सगळीकडे सर स्वतःला भेटत गेले. वाटेत जो भेटेल तो कधी ना कधी त्यांच्या वर्गात बसलेला. घरी आल्यावर सरांना बरं वाटलं, कारण त्यांची बायको, नलिनीबाई, त्यांची विद्यार्थिनी कधीच नव्हती. त्यांनी ताट वाढलं आणि सरांनी पहिला घास घेण्याआधीच, सरांच्या आवाजात, त्या म्हणाल्या, "आमटीत मीठ कमी आहे."

सरांनी घास घेतला. मीठ खरोखरच कमी होतं.

आपण कुणावर काही लादलं, असं सरांना कधी वाटलं नव्हतं, आणि ते खोटं नव्हतं. विरुद्ध मताच्या पेपराचे गुण त्यांनी कधी कापले नाहीत. मोर्चाला चला म्हणून कुणाला ओढलं नाही. ते फक्त आपलं मत सांगायचे. पण ते इतकं देखणं असायचं, की त्याच्या शेजारी आपलं ओबडधोबड मत ठेवायला पोरांना लाज वाटायची. हे सरांना त्या आमटीच्या वाटीसमोर पहिल्यांदा कळलं.

वृषाली चौगुले त्यांना तेव्हाच आठवली. नदीपलीकडच्या वाडीतून येणारी, तिसऱ्या बाकावर बसणारी मुलगी. आवाज बारीक आणि थोडा घोगरा, सर्दी झाल्यासारखा. यंदाचं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं, तेव्हा कारखान्यावर सरांचं बोलणं रंगात आलेलं असताना ती मध्येच उभी राहिली होती.

"सर, मला न्हाई पटत. माझा भाऊ शिकून घरात बसून हाय. त्याला तिथं काम लागंल. नदीचं तुम्ही सांगता ते खरं हाय, पन भावाचं काय करायचं ते सांगा की."

प्रश्न चांगला होता. सरांकडे त्याचं उत्तर नव्हतं. पण वाक्य होतं. ते म्हणाले, "चौगुले, भावाला पगार मिळेल गं, पण नदीला पेन्शन कोण देणार?"

वर्ग असा हसला की छताचे पत्रे वाजले. वृषालीही हसली आणि खाली बसली. पुन्हा ती उभी राहिली नाही. सरांनी ते वाक्य घरी येऊन नलिनीबाईंना सांगितलं होतं आणि रविवारी पाहुण्यांनाही ऐकवलं होतं. आता त्या हशाची त्यांना अशी लाज वाटली, की त्यांनी ताटावरून उठून हात धुतले आणि पुन्हा पुन्हा धुतले. साऱ्या तालुक्यात आपल्याला ‘न्हाई’ म्हणालेला तो एक आवाज होता. तो परत मिळाला तर बाकी सगळं गेलं तरी चालेल, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाक पुढे सरकले होते. पहिला बाक टेबलाला लागला होता आणि मुलांचे गुडघे सरांच्या गुडघ्यांना लागत होते. सर बोलायला गेले तर आवाज आला नाही. वाटून वाटून संपला होता. त्यांचे ओठ मात्र हलले, आणि जे शब्द त्यांना म्हणायचे होते ते जवळच्या मुलाच्या तोंडून बाहेर पडले. खिडकीकडे वळले की खिडकीतला मुलगा बोले, दाराकडे वळले की दारात झाडू घेऊन उभी असलेली बाई. मुलं वहीत उतरवून घेत होती. कामाच्या दृष्टीने काही अडलं नाही.

वृषाली वर्गात नव्हती. ती त्यांना एस.टी. स्टँडवर सापडली, वाडीची गाडी लागायची वाट बघत. सर तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी ओठ हलवले. वृषालीचं तोंड उघडलं आणि त्यातून सरांचा प्रश्न बाहेर आला.

"चौगुले, तुझा आवाज कुठे आहे?"

स्वतःच्याच तोंडून आलेला प्रश्न तिने नीट ऐकला. मग कॉलेजच्या इमारतीकडे, वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या वर्गाकडे बोट दाखवलं. तेवढ्यात गाडी आली आणि ती चढून गेली.

वर्ग रिकामा होता. सर तिसऱ्या बाकापाशी ओणवे झाले आणि त्यांनी फळीला कान लावला. आत, कर्कटकाने कोरलेल्या नावांच्या खाली, हशा होता. तोच. जुना झाला होता, पण विरला नव्हता. सरांनी ओठ हलवून म्हटलं, ये, बाहेर ये पोरी. रिकाम्या वर्गात बोलायला दुसरं तोंड नव्हतं, त्यामुळे कुठूनच काही आलं नाही. हशा तेवढा वाढला. सर थकले आणि गप्प बसले. ओठ मिटले, दात मिटले, जीभ टाळूला लावून ठेवली. तेव्हा हशा हळूहळू ओसरला आणि त्याच्या खालून, लांब कुठेतरी, सर्दी झाल्यासारखा आवाज आला. मला. मला न्हाई.

सरांना इतका आनंद झाला की ते "शाबास" म्हणाले, म्हणजे त्यांचे ओठ म्हणाले, आणि आवाज थांबला. मग ते पुन्हा मिटून बसले. पुन्हा आवाज आला. शिपाई दार लावायला आला तोवर सरांना एवढं पक्कं कळलं होतं, की ते गप्प असतील तोवरच तो आवाज आहे. उभ्या हयातीत त्यांनी हा उपाय करून पाहिला नव्हता.

त्या वर्षी सरांनी कुणालाही भाषण म्हणून दाखवलं नाही. विरुद्ध बाजूला वृषालीचं नाव त्यांनी हजेरीपटावर फक्त बोट ठेवून सुचवलं. कदमांनी ते घातलं.

स्पर्धेच्या दिवशी हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. खुर्च्या इतक्या पुढे आल्या होत्या की पहिल्या रांगेतल्या सरांचे गुडघे व्यासपीठाच्या लाकडाला टेकले होते आणि माइकचा दांडा हात लांबवला तर धरता आला असता. आधी विषयाच्या बाजूने बोलणारा मुलगा उभा राहिला. सरांचे ओठ जागचे हलले नव्हते, तरी त्याला काही कमी पडलं नाही. त्याने सरांच्या आवाजात सांगितलं, की ज्याला मत नाही तो शिक्षक नव्हे, निरोप्या होय. टाळ्या पडल्या. परीक्षकांनी एकमेकांकडे झुकून सरांच्याच आवाजात ‘वा’ म्हटलं. खरं तर वाक्य चांगलं होतं आणि सरांना अजूनही पटत होतं. त्याचंच त्यांना सगळ्यात वाईट वाटलं.

"विषयाच्या विरुद्ध बाजूने, कुमारी वृषाली चौगुले," कदम सरांच्या आवाजात म्हणाले.

ती आली. दोन्ही हातांनी ओढणी घट्ट धरून माइकसमोर उभी राहिली. शेवटच्या रांगेत तिचा भाऊ उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. सरांनी खिशातून रुमाल काढला, दातांत धरला आणि वरून ओठ मिटून घेतले. नलिनीबाई शेजारी बसल्या होत्या.

वृषाली बोलेना. हॉलही गप्प होता. त्या तालुक्याने इतकं गप्प राहणं कधी ऐकलं नव्हतं. पंखे फिरत होते. इशाऱ्याची घंटा वाजली. सरांनी रुमाल आणखी आत दाबला आणि मनात म्हटलं, माझ्याकडे बघू नकोस, बाई. मागे बघ, भावाकडे बघ, कुठेही बघ.

आणि वृषालीच्या तोंडून बारीक, घोगरा, सर्दी झाल्यासारखा आवाज आला.

"मला..."

अंगावर पाणी उडावं तशी हॉलभर माणसं दचकली. भाऊ चवड्यांवर उभा राहिला. सरांचे डोळे भरून आले. शब्द पुढे जाईना. ती थांबली. चांगल्या कॉलेजातली कोणतीही मुलगी अडखळल्यावर जे करते ते तिने केलं. तिने खाली, पहिल्या रांगेत मधोमध बघितलं. परीक्षकांनी तिथेच बघितलं, कदमांनी, नलिनीबाईंनी, सगळ्या हॉलने बघितलं.

सरांनी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. पण तो शब्द त्यांना इतका हवा होता, की हातांच्या आत, रुमालाच्या आत, त्यांचे ओठ ‘न्हाई’च्या आकाराला लागले. वर वृषालीने तो आकार नीट पाहून घेतला आणि तोंड उघडलं.