बारा चिंचोके, तीन वाट्या

ओट्यावर स्टीलची वाटी उपडी ठेवल्याचा आवाज आला. टिंग. शुक्रवारची दुपार, लाईट गेलेली, पंखा बंद, त्यामुळे घरात तेवढा एकच आवाज. गणराज नुकताच झोपला होता आणि मी त्याच्या मुठीतून माझी ओढणी हळूहळू सोडवून घेत होते.

"दिव्या, वाट्या आपटू नको गं," मी दबक्या आवाजात म्हटलं. "हा उठला तर तू घेऊन बसशील का?"

"आपटली नाही मम्मी. ठेवली."

खेळत असेल, म्हणून मी वळूनही पाहिलं नाही. ओढणी सुटल्यावर बाहेर आले आणि तिच्यासमोर फरशीवर बसले. तिने तीन वाट्या ओळीत मांडल्या होत्या आणि प्रत्येक वाटीत चिंचोके होते.

"बारा चिंचोके दिले होते ना तुला?"

"हो."

"मुलं किती?"

"तीन. आयुष, प्रितम आणि सोनी." वाट्यांना तिने नावं दिली होती. तिघं भावंडं आहेत, असंही तिने परस्पर ठरवून टाकलं होतं.

"मग एकेकाला किती आले?"

"तीन."

"तीन चोक किती?"

"बारा," डोळ्याचं पातं लवायच्या आत.

"मग एकेकाला किती?"

"तीन," तितक्याच ठामपणे. वर माझ्याकडे अशी बघत राहिली, की मम्मीला एवढं कसं कळत नाही.

दिव्या आठ वर्षांची, तिसरीत आहे. कुरुळीत आक्काबाईंच्या खोल्यांमध्ये आम्ही भाड्याने राहायला आलो तेव्हा ती बोबडं बोलायची. गणित मी तिला कधी 'शिकवलं' असं नाही, ते घरकामाच्या मधेमधे होत गेलं. जिन्याच्या पायऱ्या दोन-दोनच्या उड्यांनी उतरत ती दोनचा पाढा म्हणायला लागली. दोरीवरचे चिमटे पाच-पाचच्या झुपक्यात लावायचं काम तिचंच. अर्धा, पाव, पाऊण तिला भाकरीत कळले. चिंचोके फोडून त्यांची अर्धुकं फाशासारखी टाकायची आणि खडूने आखलेल्या घरांतून पुढे-मागे सरकायचं, ह्या खेळात बेरीज-वजाबाकी तिला इतकी सफाईने यायला लागली की मी हरायचे. मुद्दाम नाही, खरंच हरायचे. चिंचोके आक्काबाईंच्या चिंचेचे. पिशवीभर देताना म्हणाल्या होत्या, "काय गं योगिनी, चिंचोक्याची शाळा काढलीस व्हय? मला बी बसीव एका कोपऱ्यात. आमी काय शिकलो न्हाई."

अडलं ते फक्त भागाकारात.

त्या सोमवारी शाळा सुटताना स्नेहल मॅडमनी मला फाटकापाशी थांबवलं. चांगल्या आहेत त्या, उगाच बोलत नाहीत. म्हणाल्या, "ताई, बाकी सगळं छान आहे तिचं. पण भागाकार डोक्यात शिरतच नाहीये. पुढच्या सोमवारी मी परत विचारते. नाही जमलं, तर गणिताच्या तासाला तिला दुसरीच्या मुलांत बसवावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

दिव्या माझा हात धरून तिथेच उभी होती. रस्ता ओलांडल्यावर म्हणाली, "मम्मी, दुसरीतले बाक छोटे असतात ना? माझे पाय मावतील?"

मी तिची बाटली विनाकारण उघडून पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी ज्ञानेशला सांगितलं. सध्या त्याची सेकंड शिफ्ट आहे. दुपारी दोनला कंपनीची बस कोपऱ्यावर येते, आणि तो परत येतो तेव्हा दोन्ही पोरं गाढ झोपलेली असतात. "माझ्यावर गेलीय," तो हसत म्हणाला. "मला पण नव्हता येत. लाईनवर कोण विचारतंय भागाकार?" मग हसू विझलं. "पण दुसरीत बसवलं तर पोरं चिडवतील राव तिला. मग ती बाकीचं येतंय तेही बोलायची नाही."

मला हीच भीती होती. माझ्या वर्गात एक मुलगी अशीच मागे बसवली होती. नंतर ती फळ्याकडे बघायचीच नाही, खिडकीकडे बघायची.

म्हणून त्या आठवड्यात रोज दुपारी, गणराज झोपला की, आम्ही वाट्या घेऊन बसलो. मंगळवारी चुकलं. बुधवारी चुकलं. वीस चिंचोके चार मुलांना वाटले तर ती म्हणायची चार. दहा दोघांना वाटले तर म्हणायची, "तीन, आणि एक उरला." दहाचे दोन वाटे, आणि एक उरतो? माझं डोकं चक्रावून जायचं. आक्काबाई दारातून बघून म्हणाल्या, "लई ताणू नगंस तिला. रबर हाय का ती?"

मग गुरुवार आला. आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते. ज्ञानेश बनियनवरच फरशीवर मांडी घालून बसला आणि दिव्याने एकामागून एक सगळं बरोबर सांगितलं. बारा तिघांत चार. वीस चौघांत पाच. दहा दोघांत पाच.

"बघितलंस?" ज्ञानेशने कॉलर नसताना कॉलर ताठ केली. "मास्तर चांगला लागतो."

"हो का? मग उद्यापासून तुम्हीच घरी बसा. मी जाते लाईनवर."

"तू गेलीस तर मॅनेजर राजीनामा देईल." तेवढ्यात त्याने दिव्याच्या ताटलीतला शेंगदाण्याचा लाडू उचलून एक घास घेतला आणि उरलेला परत ठेवला. ती "पप्पाऽऽ" करून ओरडली आणि दोघं हसत लोळली. मीही हसले. सुटले एकदाची, असं वाटलं.

आणि आता शुक्रवार. दोनची बस गेली आणि पुन्हा 'तीन'.

मी रडायच्या बेतात होते. स्वतःला सांभाळायला म्हणून मी वाट्यांतले चिंचोके मोजायला घेतले. तीन, तीन आणि तीन. नऊ.

नऊच.

गणराज रांगतो आणि सापडेल ते तोंडात घालतो. मी चटई उचलली. कपाटाखाली झाडू फिरवला. आत जाऊन झोपलेल्या लेकराच्या तोंडात बोट घालून पाहिलं. तो दचकून उठला आणि त्याने भोकाड पसरलं. त्याला कडेवर घेऊन मी बाहेर आले. माझा आवाज मलाच परका वाटला.

"दिव्या! तीन चिंचोके कुठे गेले?"

ती माझ्या तोंडाकडे बघून घाबरली. "आहेत की. ओट्यावर."

ओट्यावर शेगडीच्या बाजूला ज्ञानेशचं ताट होतं. दुपारचा स्वयंपाक झाला की मी त्याच्यासाठी रात्रीचं वाढून त्यावर मोठी थाळी पालथी घालते. त्या ताटाला अगदी खेटून एक छोटी वाटी उपडी ठेवलेली होती.

मी वाटी उचलली. खाली तीन चिंचोके. एका ओळीत, नीट.

"हे काय?"

"त्यांच्या पप्पांचं."

"कुणाच्या पप्पांचं?"

"आयुष, प्रितम आणि सोनीच्या." मग मला कळावं म्हणून सावकाश, मॅडमच्या सुरात, "त्यांचे पप्पा कामाला गेलेत ना. तूच म्हणतेस, आधी पप्पांचं झाकायचं, मग वाटायचं."

हो, मीच म्हणते. शिरा केला तरी, पपई कापली तरी, शेजारून कुणाच्या बारशाचे पेढे आले तरी. हात पुढे आला की माझं ठरलेलं, "थांब, आधी पप्पांचं झाकते." शिफ्ट कोणतीही असो. हे वाक्य मी बोलते हेच मला कधी ऐकू आलं नव्हतं.

गणराज रडायचा थांबला होता आणि माझ्या कानातलं ओढत होता. मी ओट्याला टेकून उभी राहिले. मंगळवारपासूनची सगळी चुकीची उत्तरं मनात एकेक करून परत येत होती.

"दिव्या," मी हळूच विचारलं, "वीस चिंचोके आणि चार मुलं असली तर?"

"चार-चार."

चार मुलं आणि एक झाकलेला वाटा. पाच चोक वीस.

"दहा आणि दोन मुलं?"

"तीन-तीन. आणि एक उरला." तिने गणराजच्या पायाला गुदगुली केली. "तो ह्याचा. हा छोटा आहे, ह्याला एकच पुरतो."

तीन त्रिक नऊ, आणि एक. बरोबर. सगळं बरोबर. माझ्या पोरीचं एकही गणित चुकलेलं नव्हतं. प्रश्नात जेवढी माणसं सांगितली होती त्यांत ती प्रत्येक वेळी एक मिळवत होती, तोंडातल्या तोंडात, बोटांवरही न मोजता, आणि मग भागत होती. दोन पायऱ्यांचं गणित. शाळेत, घरी, मॅडमसमोर, सगळे 'चूक' म्हणत असताना तिने तो एक वाटा सोडला नव्हता.

"मग काल कसं वेगळं आलं गं?"

"काल गुरुवार होता ना!" माझ्या अडाणीपणाला ती हसलीच. "सुट्टी असली की पप्पा माझ्यातलंच खातात. झाकायला नाही लागत."

मी तिच्या केसांकडे, त्या वाकड्या भांगाकडे बघत राहिले. सकाळी घाईत मीच तो पाडला होता. हे डोकं रोज मी तेल लावून चोळते, वेणी घालते, उवा बघते. आणि आत हे सगळं चाललेलं. एखाद्या देवळात अंधारात पाय टाकावा आणि डोळे सरावल्यावर छत दिसावं, किती उंच आहे ते कळावं, तसं झालं मला. मी तिला शिकवायला बसले होते!

पण सोमवार समोर होता.

मी खाली बसले. "हे बघ बाळा. आपल्या घरात आपण झाकतोच. पण गणितात नाही झाकायचं. गणितात जेवढी मुलं सांगितलीत तेवढ्यांनाच वाटायचं. सगळं."

"सगळं?"

"सगळं."

"का?"

"गणितात तसंच असतं."

तिला ते पटलं नव्हतं. पण तिने माझ्या हातातून वाटी घेतली, तीन चिंचोके तळहातावर घेतले आणि आयुषला एक, प्रितमला एक, सोनीला एक टाकला. मग रिकामी वाटी जागेवर नेऊन ठेवली. उताणी.

"चार," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी मी ज्ञानेशला सगळं सांगितलं. तो कपात बघत ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "म्हणजे माझ्यामुळे नापास होत होती पोरगी." मग उठून नळावर गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला. बादली भरून वाहायला लागली तरी. आक्काबाईंना सांगितलं तर त्यांनी दिव्याचा गालगुच्चा घेतला आणि म्हणाल्या, "आगं बया! आन् आमचा ल्योक शेखर, एवढा बाप्या झालाय, पर कुणाचं झाकून ठेवलं न्हाई कंदी त्यानं. समद्यांचं हाणतोय."

सोमवारी शाळा सुटल्यावर स्नेहल मॅडमनी आम्हाला वर्गात बोलावलं. वर्ग रिकामा होता. मी दाराशी गणराजला घेऊन उभी राहिले. मॅडमनी डब्यातून पेन्सिली काढून बाकावर ठेवल्या.

"दिव्या, ह्या बारा पेन्सिली. तीन मुलांना सारख्या वाटायच्या. एकेकाला किती?"

दिव्याने पेन्सिलींकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला नक्की कोणतं उत्तर हवंय हे त्या क्षणी मला सांगता आलं नसतं.

"चार."

"वीस, आणि चार मुलं?"

"पाच."

"दहा, दोघांत?"

"पाच. काही उरत नाही."

"अगं वा!" मॅडमना मनापासून आनंद झाला होता. त्यांनी तिचा खांदा थोपटला. "कुठे बसवतेय मी तुला दुसरीत? ताई, काय जादू केलीत?"

मला सांगता आलं असतं. पण मी दिव्याकडे बघत होते. उत्तरं देताना तिचा डावा तळहात बाकावर वाटीसारखा उपडा ठेवलेला होता. त्याच्या खाली काही नव्हतं. तिने तो उचलला, बघितला आणि दप्तर खांद्याला लावलं.

"चिंचोक्यांनी खेळलो," मी म्हटलं.

परत येताना हायवेला नेहमीसारखी कंटेनरची रांग लागली होती. आम्ही कडेकडेने चाललो होतो. गणराज माझ्या खांद्यावर पेंगत होता. दिव्याने माझं बोट धरलं होतं.

"आता दुसरीत नाही ना बसायचं?"

"नाही. कधीच नाही."

तिने मान डोलावली. मला वाटलं होतं उड्या मारेल. पण ती खाली बघत चालत होती, रस्त्यावरची खडी बुटाने एकेक करून बाजूला सारत. कंपनीची एक बस आमच्या बाजूने गेली. खिडक्यांमध्ये माणसं मान टाकून झोपलेली होती. दिव्या थांबली. बस वळणापलीकडे जाईपर्यंत बघत राहिली.

"मम्मी," ती म्हणाली, "मग त्या गणितातल्या मुलांचे पप्पा कामावरून आल्यावर काय खातात?"